डोंगर हे निमित्त

फुल सस्पेन्शनची कार्बन माउंटन बाइक डोंगरात चालवण्यासाठी बनवलेली असते, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. तो पसरवण्यात जाहिरातींचा हात मोठा. जाहिरातीत ही सायकल कायम हवेत असते, खाली धुळीचा लोट आणि मागे मावळतीचा सूर्य. प्रत्यक्षात ती जास्तीत जास्त काळ जिथे आढळते ती जागा म्हणजे घरातला दुरुस्तीचा स्टँड. दोन्ही चाकं भिंतीला टेकलेली, मागचा शॉकअप टेबलावर, खाली जुन्या वर्तमानपत्रावर बोल्ट काढल्याच्या क्रमाने मांडलेले, आणि त्यांच्याकडे टक लावून बसलेला एक सुशिक्षित गृहस्थ. एखादी वस्तू कशासाठी आहे हे ठरवायचं असेल तर ती बहुतेक वेळ काय करते ते पाहावं, हा साधा नियम इथेही लावायला हरकत नसावी. माझा दावा एवढाच, की ही सायकल खोलण्यासाठी, पुसण्यासाठी, वंगण भरण्यासाठी आणि पुन्हा जोडण्यासाठीच जन्माला आली आहे. अधूनमधून तिला डोंगरात न्यावं लागतं, ते पुढच्या दुरुस्तीपुरती माती तिच्यात भरून आणायला. एवढं गृहीत धरलं, की एरवी अतर्क्य वाटणाऱ्या तिच्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो.

इतिहास या दाव्याच्या बाजूने आहे. माउंटन बाइकिंग या खेळाचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीतला. माउंट टॅमलपायसच्या परिसरातली काही तरुण मंडळी श्विन कंपनीच्या १९३०-४० च्या दशकांतल्या जाड टायरच्या भंगारातल्या सायकली घेऊन डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सुटायची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर त्यांनी पहिली रीतसर शर्यत घेतली. अंतर तीन किलोमीटरच्या आसपास, उतार सुमारे चारशे मीटरचा. या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्येच असायचा. पायडल उलटं दाबलं की लागायचा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा, की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जायचा. मग हब खोलून नवं ग्रीस भरल्याशिवाय दुसरी फेरी नाही. या ग्रीस भरण्याला तिकडे ‘रीपॅक’ म्हणत. त्या उताराचं आणि शर्यतीचं नावही तेच पडलं. त्या मंडळींतल्या गॅरी फिशरचा तिथला विक्रम ४ मिनिटं २२ सेकंदांचा आहे. हब खोलून, पुसून, ग्रीस भरून पुन्हा बसवणं एवढ्या वेळात कोणाला जमत असेल तर खरा विक्रम तोच म्हणायला हवा. इतर खेळांत स्पर्धेला दानशूरांची, राजेरजवाड्यांची नावं देतात. या खेळाने आपल्या पहिल्या स्पर्धेला देखभालीच्या कामाचं नाव दिलं, आणि त्या वेळी कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

पुढे १९७७ मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझने खास याच उद्योगासाठी पोलादी नळ्यांची फ्रेम बनवली, आणि तिथून आजपर्यंतचा प्रवास म्हणजे खोलण्याजोगे भाग वाढवत नेण्याचा प्रवास आहे. साध्या सायकलची चौकट दोन त्रिकोणांची. त्रिकोणाचा गुण असा, की बाजूंची लांबी कायम असेल तर तो आकार बदलत नाही. या एका भूमितीवर जगातल्या सायकली पिढ्यान्‌पिढ्या सुखाने चालल्या. मागच्या चाकाला सस्पेन्शन द्यायचं म्हणजे मागचा त्रिकोण मुद्दाम मोडायचा, त्याच्या कोपऱ्यांत सांधे घालायचे, आणि आता तो कोलमडेल म्हणून मध्ये शॉकअप बसवायचा. हे सांधे नेमके कुठे असावेत यावर मोठी डोकी खर्ची पडली आहेत. हॉर्स्ट लाइटनर या मूळच्या ऑस्ट्रियन माणसाने खालच्या दांड्यात, मागच्या आसाच्या जरासा पुढे एक सांधा घातला. त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही सस्पेन्शन बरंच मोकळं राहतं. स्पेशलाइज्ड कंपनीने १९९८ मध्ये ते पेटंट विकत घेतलं, आणि २०१३ मध्ये मुदत संपेपर्यंत अमेरिकेत इतरांपुढे दोनच वाटा होत्या: पैसे भरा, नाहीतर सांधा दुसरीकडे हलवा. काहींनी तो वरच्या दांड्यात सरकवला. काही सेंटिमीटरांचा हा सवाल, पण महासागराच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या सायकली त्याने वेगळ्या केल्या. पुढे सांधा थेट आसाभोवतीच ठेवण्याची कल्पना निघाली, तर ते प्रकरण कोर्टात गेलं. हे सगळं उतारावर दोन सेकंद वाचवण्यासाठी झालं असं मानणं माणसाच्या स्वभावाचा अपमान आहे. लोक एवढ्या निष्ठेने भांडतात ते ज्या गोष्टीकडे रोज बघावं लागतं तिच्यासाठीच.

सांधा म्हटला की बेअरिंग आलं. चार सांधे आणि प्रत्येकाच्या दोन बाजू धरल्या तर आठ बेअरिंगं झाली. काही रचनांत याहून जास्त. बॉल बेअरिंग हे गरगर फिरण्यासाठी केलेलं यंत्र आहे. फिरताना छर्रे जागा बदलतात, ग्रीस सगळीकडे पसरतं, झीज सर्वांत वाटली जाते. सस्पेन्शनच्या सांध्यातलं बेअरिंग मात्र उभ्या आयुष्यात एक पूर्ण फेरा मारत नाही. काही अंश पुढे, काही अंश मागे. तेच छर्रे, त्याच जागा, आणि मग तिथेच खड्डे. यावर उपाय म्हणून आतली जाळी काढून टाकून त्या जागीही छर्रे कोंबलेली खास बेअरिंगं निघाली. ती जास्त भार सोसतात, पण पाणी आणि चिखलापुढे त्यांचंही चालत नाही. सांताक्रूझ ही कंपनी मूळ मालकाला सांध्यांची बेअरिंगं आजन्म फुकट देते. यात दिलदारपणा आहेच. पण एखादी वस्तू आजन्म पुरवण्याचं वचन माणूस देतो तेव्हा ती किती वेळा मागितली जाणार याचा अंदाजही त्याला असणार. शिवाय फुकट मिळतं ते बेअरिंग. जुनं उपसून काढायचं हत्यार, नवं तिरकं न होता दाबून बसवायचा प्रेस, बोल्ट आपोआप सैल होऊ नयेत म्हणून लावायचा निळा थ्रेडलॉक, हे सगळं मालकाचं. आणि ते तो हौसेने घेतो. ज्याच्या स्वयंपाकघरातला नळ गेल्या दिवाळीपासून ठिबकतो आहे, त्याच गृहस्थाकडे पंधरा मिलिमीटर भोकाच्या ६९०२ नंबरच्या बेअरिंगसाठी खास वेगळा तुकडा डबीत जपून ठेवलेला असतो.

शॉकअपचा हिशेब तर कंपन्याच लिहून देतात. हवेच्या शॉकअपची एअर कॅन दर ५० तासांनी उघडून साफ करावी, सील पुसावेत, थोडं तेल घालावं, असं रॉकशॉक्सचं पत्रक सांगतं. डोंगरातला सरासरी वेग ताशी बारा किलोमीटर धरला तर हे झाले सहाशे किलोमीटर. चारचाकी गाडीने अशी अट घातली असती तर पुण्याहून नागपूरला पोचायच्या आत ती रस्त्याकडेला उघडावी लागली असती. हवेचा दाब ठरवण्याचाही एक विधी आहे. पाण्याची पिशवी, हेल्मेट, बूट असा सगळा सरंजाम अंगावर चढवून सीटवर बसायचं, आणि शॉकअप आपल्या एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश दबतो का ते रबरी कडीवरून मोजायचं. पंचावन्न मिलिमीटरच्या शॉकअपला सोळाएक मिलिमीटर. मग परतीच्या गतीचा खटका एक घर इकडे किंवा तिकडे. हा प्रयोग बहुधा इमारतीच्या पार्किंगमध्ये होतो. त्यामुळे हेल्मेट घालून, जागच्या जागी उभ्या सायकलवर खालीवर हलणारा माणूस पाहून वॉचमनने काढलेला निष्कर्ष फारसा चुकीचा म्हणता येत नाही.

मापांच्या बाबतीत या धंद्याने जे केलं ते योगायोगाने होणं अशक्य आहे. मागच्या हबची रुंदी आधी १३५ मिलिमीटर होती, मग १४२ झाली, मग १४८, आणि काहींनी १५७. प्रत्येक वेळी कारण दिलं गेलं आणि प्रत्येक कारण बरोबर होतं: चाक मोठं झालं, आऱ्यांना जास्त पसरट कोन हवा, टायरला जागा हवी. फक्त जुनं चाक नव्या फ्रेममध्ये बसेना. पायडलचा आस जिथे बसतो त्या बॉटम ब्रॅकेटची कथा याहून रसाळ आहे. तिथे पूर्वापार आट्यांचे कप बसवत, उजव्या बाजूचे आटे उलटे, म्हणजे पायडल मारता मारता कप सुटून येऊ नये. कार्बनमध्ये थेट आटे पाडता येत नाहीत. धातूची नळी आत चिकटवावी लागते, वजन वाढतं, काम वाढतं. तेव्हा आटेच नकोत, गोल भोक ठेवू आणि बेअरिंग दाबून बसवू, असं ठरलं. कागदावर ही कल्पना निर्दोष होती. मात्र भोक केसभर जरी मोठं किंवा अंडाकृती निघालं, की दाबून बसवलेली वस्तू आत किंचित हलते, आणि हलली की बोलते. बरीच वर्षं ते बोलणं ऐकल्यावर अनेक कंपन्या गुपचूप आट्यांकडे परतल्या, आणि ‘आट्यांचा बॉटम ब्रॅकेट’ हे नवं वैशिष्ट्य म्हणून माहितीपत्रकात छापू लागल्या.

या बोलण्याविषयी जरा सविस्तर लिहायला हवं, कारण या सायकलच्या मालकाचं आतलं आयुष्य त्याच्याभोवती फिरतं. करकर असा तो आवाज. चढावर, जोर लावल्यावर, पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, ताण वाढला की सुटतात, पुन्हा चिकटतात; एवढंच त्याचं भौतिकशास्त्र. पण कार्बनची नळी पोकळ, पातळ भिंतीची आणि ताठ असल्यामुळे आवाज सगळीकडे पोचवते, आणि सीटच्या दांड्यातली कुरबुर पायाखालून ऐकू येते. मालक मग तपासाला बसतो. सीटवरून उठून पायडल मारलं तर आवाज येतो का? नाही? मग सीट, तिच्या पट्ट्या, दांडा. येतो? मग ते सुटले. उजव्याच पायाला येतो? पायडल काढून ग्रीस. दोन्ही पायांना येतो? मग चेनरिंगचे बोल्ट, मागचा आस, गिअर ज्यावर टांगलेला असतो तो हॅंगर, हेडसेट, शॉकअपचे बोल्ट, आणि सर्वांत शेवटी, कारण ते काढायला सर्वांत कष्ट, एकेक सांधा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा शास्त्रीय पद्धतीचा पहिला नियम त्याला पाठ असतो, कारण नोकरीत तो हेच करतो. पण तिसऱ्या संध्याकाळी संयम सुटतो आणि तो सगळंच खोलतो, सगळंच पुसतो, सगळ्यालाच ग्रीस लावतो. दुसऱ्या दिवशी आवाज बंद. कशामुळे बंद झाला हे आता या जन्मी कळणार नाही. स्टँडवर हा आवाज कधीच येत नाही, कारण स्टँडवर माणसाचं वजन नसतं. आणि जाणकार मित्र सोबत आला की डोंगरातही येत नाही. त्याचं कारण मात्र भौतिकशास्त्रात सापडत नाही.

आता कार्बन. या पदार्थाबद्दल आदर वाटावा अशी गोष्ट आहे. राळेत भिजवलेले कार्बन धाग्यांचे पट्टे शीतगृहात ठेवलेले असतात, कारण बाहेर राहिले तर राळ हळूहळू घट्ट होऊ लागते. ते कापून, कुठला थर उभा, कुठला आडवा, कुठला पंचेचाळीस अंशांत हे ठरलेल्या क्रमाने एकावर एक बसवतात, आत फुगा घालून साचा बंद करतात, आणि दाब व उष्णता देऊन शिजवतात. तैवानमधल्या तायचुंगच्या पट्ट्यात, चीनमध्ये, व्हिएतनाममध्ये हे काम आजही माणसांच्या हातांनी चालतं. एका फ्रेममध्ये असे शेकड्यांनी तुकडे असतात. धाग्याच्या दिशेने कार्बनची ताकद अफाट, आडव्या दिशेने जेमतेम, म्हणून हे सगळं नकाशाबरहुकूम. इतक्या हातांनी, इतक्या काळजीने घडलेली वस्तू घरी आली, की तिच्यावर पहिला दगड उडतो, आणि मालकाची झोपही. ॲल्युमिनियमला पोचा आला तर दिसतो. कार्बनमध्ये थर आतल्या आत सुटलेले असू शकतात आणि वरून फक्त रंगाचा टवका गेलेला दिसतो. मग नाण्याने टकटक करून पाहायची: चांगल्या जागी आवाज खणखणीत, थर सुटले असतील तिथे बद्द. उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घेताना टिचकी मारून कानोसा घेतात तसाच हा प्रकार, फरक एवढाच की माठवाल्याकडे बद्द आवाजाचा माठ बाजूला ठेवून दुसरा उचलता येतो. बोल्ट आवळायचे तेही मोजून. हँडलच्या स्टेमवर बहुधा पाचएक न्यूटन मीटर, जास्त नको; म्हणून टॉर्क रेंच घ्यायचा. आणि जिथे आजोबांच्या काळापासून ग्रीस लावत आले तो सीटचा दांडा कार्बनचा असेल तर त्याला ग्रीस वर्ज्य. तिथे बारीक खरखरीत कणांची पेस्ट, म्हणजे कमी आवळून घट्ट राहील. दुरुस्तीच्या शास्त्रात मुद्दाम कचकच घालण्याचं हे उदाहरण विरळा.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. मागचं सस्पेन्शन हे खरोखर उपयोगी पडतं. दगडधोंड्यांवरून जाताना चाक जमिनीला धरून राहतं, म्हणून टायरची पकड टिकते, ब्रेक लागतो, चढावरही चाक उगाच फिरत नाही, आणि कंबरडं शाबूत राहतं. हे सगळं मान्य. पण सायकलस्वाराचं खरं ध्येय वेग असतं तर त्याने सर्वांत आधी पायांकडे लक्ष दिलं असतं. पाय हा या यंत्राचा सर्वांत ढिला आणि सर्वांत स्वस्तात सुधारता येण्याजोगा भाग आहे, आणि त्याच्या सर्व्हिसिंगचं वेळापत्रक कोणाच्याही भिंतीवर लावलेलं दिसत नाही. वजनाचंही तेच. ॲल्युमिनियमपेक्षा कार्बनची फ्रेम अर्धा किलो, फार तर किलोभर हलकी, आणि त्यासाठी मोजलेली रक्कम घरात सांगण्यासारखी नसते. मग काही कंपन्यांनी काय केलं? खालच्या नळीला दार कापलं आणि आत सामान ठेवायची जागा केली. त्यात ट्यूब, पंप, चेनचा जोड, ॲलन कीचा जुडगा. म्हणजे अत्याधुनिक साहित्याने वाचवलेल्या वजनाच्या जागी हत्यारं भरली गेली. डोंगर ही वस्तू मुख्य मानणाऱ्याला हे विचित्र वाटेल. माझ्या सिद्धांतात ते तंतोतंत बसतं.

दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा. पुण्याला लोक सायकलींचं शहर म्हणत त्या काळी काळी दणकट सायकल तीस तीस वर्षं चालायची, आणि तिला लागायचं ते कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडचं पाण्याचं घमेलं, एक पाना आणि हातोडी. बरोबर आहे. पण त्या सायकलीच्या मालकाला तिच्याबद्दल बोलण्यासारखं काय होतं? तिचं सगळं ज्ञान सायकलवाल्याकडे होतं. मालकाकडे फक्त किल्ली. आजच्या मालकाला ते ज्ञानच हवं आहे, सायकल त्याच्यासोबत येते. याच कारणाने ‘मग दुकानात टाक की’ हा सल्लाही वाया जातो. दुकानदार काम नीट करेल, ही शक्यताच मालकाला सहन होत नाही. आणि ज्यांना हा सगळा पसारा नको म्हणून पोलादाची, मागे सस्पेन्शन नसलेली सायकल घ्या असं सुचवलं जातं, त्यांच्यातले बरेच जण महिन्याभरात नळीच्या आत गंजविरोधी तेल फवारताना आढळतात. एकदा हात लागला की लागला.

तिसरा आक्षेप काळाचा आहे, आणि तो मला थोडा अस्वस्थ करतो. धंदा आता सोपेपणाकडे वळतो आहे. २०१९ मध्ये स्रॅम कंपनीने गिअरच्या हॅंगरसाठी एकच सार्वत्रिक माप आणलं आणि बऱ्याच कंपन्यांनी ते स्वीकारलं; त्याआधी जवळजवळ प्रत्येक फ्रेमचा हॅंगर वेगळा होता आणि तो तुटला की जुळणारा शोधणं हे एक स्वतंत्र जीवनकार्य होतं. आटे परत आले. तारा गेल्या, गिअर बिनतारी झाला, म्हणजे फ्रेमच्या पोटातून चुंबकाने केबल ओढून काढण्याचं निष्कारण सुख गेलं. असंच चाललं तर दहा वर्षांत ही सायकल बिघडायचीच बंद होईल, अशी भीती वाटणं साहजिक आहे. पण धीर सोडू नये. बिनतारी गिअरला बॅटरी लागते, बॅटरीला चार्जर, गिअरला फोनवरचं अॅप आणि अॅपला अधूनमधून अपडेट. स्रॅमच्या वरखाली होणाऱ्या बिनतारी सीटची बॅटरी आणि गिअरची बॅटरी मात्र एकसारखी असते, त्यामुळे पायथ्याशी पोचल्यावर गिअरची संपली तर सीटची काढून तिथे लावता येते. मग सीट आहे त्याच उंचीवर राहणार. ती वर ठेवून बॅटरी काढावी म्हणजे चढ सोपा, की खाली ठेवून काढावी म्हणजे उतार सुरक्षित, यावर पायथ्याच्या चहाच्या टपरीजवळ चौघांची चर्चा सुरू होते. सायकली आडव्या पडलेल्या असतात, ऊन वाढत जातं, दुसरा चहा येतो, आणि कोणीतरी एकाच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसून म्हणतो, “थांबलोच आहोत तर तुझा हा सांधा जरा बघू दे, मघापासून काहीतरी वाजतंय.”